हळदीच्या आदल्या दिवशीची केबल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तसा तो विंडोजवरही नाही, पण रोज काम पडतं म्हणून जमवून घेतो. तेव्हा पुढचं वाचून हसलात तरी चालेल. मीही हसलो होतो... आधी.

मी बोळिंजला राहतो. काकू गिरीजला, केळीच्या वाडीत. गेल्या हिवाळ्यात तिच्या प्राचीचं लग्न होतं. हळदीच्या आदल्या दुपारी तिचा फोन आला. काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांकडून लग्नातली गाणी गाऊन घेऊन आपल्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. त्यातलं एक, घरातल्या गेलेल्या माणसांना आवतण देण्याचं. ते झाल्याशिवाय आमच्याकडे हळद लागत नाही. गाणाऱ्या बायका गेल्या, काकूला मधली कडवी आठवेनात, आणि कॉम्प्युटरचा आवाज बंद पडलेला.

“तू त्यातलाच ना? ये.”

मी ‘त्यातला’ म्हणजे ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकला की मला हाक मारतात. पण गेलो. आठवडाभराची झोप डोळ्यांवर घेऊन.

खाऱ्या हवेनं पेनड्राइव्हची भोकं गंजलेली. वायफाय त्या डब्यात कधी नव्हतंच. म्हटलं, सरळ केबल लावू — एक टोक माझ्या लॅपटॉपला, दुसरं त्याला. कॉम्प्युटर कोनाड्यात भिंतीला चिकटून. वाकून बघायचा कंटाळा, म्हणून गुडघा जरासा दुमडून मागे हात घालून चाचपत टोक खुपसलं. टक्! बसलं.

मग सुरू झाली माझी विद्वत्ता. आयपी अॅड्रेस टाकले, फायरवॉल बंद केली, शेअरिंग चालू केलं, सगळं पुन्हा केलं. काही दिसेना.

“होतंय का रे?” काकू दर चहाबरोबर विचारी.

“होतंय.”

“मघाशी पण होतच होतं.”

शेवटी ती हळदीकुंकू आणि अक्षता घेऊन आली. कॉम्प्युटरला कुंकू लावलं.

“काकू, तांदूळ कीबोर्डात जातील!”

“तू गप. गाणं येत नाही तर तोंडानं सांगते.” आणि घरच्या बोलीत, जणू काका पलीकडे विहिरीवर पाय धुतायत अशी, म्हणाली की पोरीची हळद आहे, या.

तेवढ्यात लॅपटॉपवर आपसूक एक फोल्डर उघडला. ‘धवले’, म्हणजे तीच लग्नातली गाणी. मी घाईघाईनं कॉपी लावलं. हिरवी पट्टी सरकत सरकत पूर्ण झाली. गाणं वाजवलं — म्हाताऱ्यांचा चिरका सूर, आणि शेवटी काकांचा खोकला. काकूनं पदर तोंडाला लावला.

“बघितलंस? सेटिंगचा प्रॉब्लेम होता,” मी ऐटीत म्हणालो आणि केबल काढायला अखेर वाकलो.

टोक खाली जमिनीवर पडलं होतं. सुटलं असेल म्हणून टॉर्च मारला. कॉम्प्युटरमागचं केबलचं भोक कुंभारमाशीनं मातीचं घर बांधून गच्च लिंपलेलं... जुनं, सुकून दगड झालेलं. त्यात टाचणीही गेली नसती. मग ती ‘टक्’? ती माझ्या गुडघ्याची. आता वाकताना पुन्हा वाजला, तेव्हा ओळखला.

घाबरायला हवं होतं. पण इतका दमलो होतो, की तिथंच फरशीवर बसून राहिलो.

हळद लागली. लग्नानंतर मात्र मला चैन पडेना. गिरीजला गेलो, माती खरवडली, नवी केबल आणली, नीट पालथा पडून लावली. टक्. या वेळी गुडघा नव्हता. पण भोकाशेजारचा दिवा लागेना. पोर्ट केव्हाचं मेलेलं. सगळं करून पाहिलं. काही नाही.

ऑफिसातले म्हणतात, फाइल्स आधीच लॅपटॉपवर असतील. कुठून येणार? तो लॅपटॉप त्या घरात पहिल्यांदाच गेला होता.

काकूकडे मात्र उत्तर आहे. मी नवी केबल लावून खटपट करत होतो, त्या दिवशी ती स्वयंपाकघरातून ओरडली, “आता कशाला उठवतोस त्यांना? आवतण होतं, येऊन गेले. दमले असतील.”

बाकी काही कळलं नाही, पण दमलेल्या माणसाला उठवू नये एवढं मला पटलं. मी बटण बंद केलं.