पांढऱ्या कणसातले अकरा दाणे

मोरेश्वर हुलवान दुपारी कधी झोपत नाहीत. मका संशोधन केंद्राचे प्रमुख झाल्यापासून तर नाहीच. साहेबच घोरायला लागला तर मजुरांना कुठल्या तोंडानं बोलणार? पण मे महिन्याची दुपार आहे, पंखा नुसता गरम वारा ढवळतोय, आणि टेबलावरच्या अर्जावर चारच्या आत सही व्हायची आहे. नव्या संकरित मक्याला मान्यता मिळावी, असा तो अर्ज. सगळे रकाने भरलेत. फक्त 'नर वाणाची उत्पत्ती' या रकान्यात 'नियोजित संकर' असे दोन शब्द टाईप केलेत, तिथं येऊन साहेबांची नजर अडते. सकाळपासून तीन वेळा अडली. खुर्चीत मान मागे टाकून ते जरा डोळे मिटतात.

पंख्याची घरघर थांबते आणि पानांची सळसळ सुरू होते. दार उघडून ते व्हरांड्यात यायला जातात, तर व्हरांडा नाहीच. मक्याच्या दोन ओळींमधली वाट आहे. मका डोक्याच्या वर गेलाय, तुऱ्यांवर खाकी पिशव्या चढवल्यात, आणि पुढं एक बाई पाठमोरी चाललीय. कमरेला पिशव्यांचा गठ्ठा, कानामागं पेन्सिल.

"तानूबाई," ते म्हणतात. तानूबाई वायदंडे वारून चार वर्षं झाली, हे त्यांना झोपेतही पक्कं ठाऊक आहे. तिच्या मातीला आपण गेलो नव्हतो, हेही ठाऊक आहे.

"या सायेब. हळू या, तुरं हालवू नका. पराग उडाया लागलाय."

आता मक्याचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. मक्याचा शुद्ध वाण करायचा म्हणजे ज्या ताटाचा तुरा त्याचाच पराग त्याच ताटाच्या कणसाला द्यायचा, आणि असं सहा-सात पिढ्या. असे दोन शुद्ध वाण एकत्र आणले की संकरित बी तयार होतं. म्हणून कणसाचे केस बाहेर पडायच्या आतच त्यावर पिशवी चढवतात. शेजारचा परका पराग एकदा आत शिरला की वर्षाची मेहनत मातीत. ती पिशवी बांधण्यात तानूबाईचा हात धरणारं केंद्रात कुणी नव्हतं.

वाट वळते आणि समोर साहेब स्वतःच उभे आहेत. सतरा वर्षांपूर्वीचे, सडपातळ, नुकते नोकरीला लागलेले. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ. मुलगी द्यायची म्हणून मुलगा कामाला असतो तिथं बघायला आलेले होणारे सासरे. तरुण हुलवान मोठ्या तोऱ्यात म्हणतोय, "हे बघा, आत कणसाला कसे केस सुटतात." आणि सकाळी साडेदहाला, वाऱ्यावर पराग पसरलेला असताना, पांढऱ्या मक्याच्या कणसावरची पिशवी काढतोय. दाखवून झाल्यावर परत चढवतोय, कुणाचं लक्ष नाही ना ते बघून.

"नको रे, नको काढू," साहेब ओरडायला जातात. आवाज फुटत नाही.

"तवा न्हाई आवरलं, आता कसं आवराल?" तानूबाई शांतपणे म्हणते.

ओळ संपते तिथं काढणीची शेड आहे. तेव्हाचे प्रमुख टेबलाशी बसलेत आणि त्यांच्या हातात तेच कणीस. पांढऱ्याशुभ्र दाण्यांत अकरा पिवळे, शेजारच्या पिवळ्या मक्याच्या परागाचे. "पिशवी कुणी बांधली होती?" ते विचारतात. तरुण हुलवान खाली बघतो आणि म्हणतो, "तानूबाईनं."

शेजारी उभे असलेले साहेब शरमेनं अर्धे होतात.

"खोटं न्हाई बोलला," तानूबाई म्हणते. "बांधली मीच हुती."

"सोडली मी होती."

"ते त्यांनी इचारलं न्हाई आन तुमी सांगितलं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातात पिशव्यांऐवजी खुरपं आलं. सगळ्या बायकांत तिचं नाव पडलं, फुटक्या हाताची. आणि तरीही ते फेकून द्यायचे दाणे हिनंच वेचून हुलवानांना आणून दिले होते. आता शेड नाही, तिच्या घराची ओसरी आहे, आणि ती पदराची गाठ सोडतेय.

"दाण्याचा काय दोष? बांधाला लावून बघा, असं म्हनलं हुतं मी."

"लावले. सात पिढ्या शुद्ध केले. वाऱ्यात लोळत नाही, कणीस टोकापर्यंत पाल्यात झाकलेलं, पाखरू चोच घालू शकत नाही. त्यालाच नर धरून नवा संकर केलाय, तानूबाई." आणि हे सांगताना त्यांना स्वतःचीच किळस येते. "तुझं नाव मी कुठंच घातलं नाही. मला माफ कर."

"मेलेल्या बाईकडं माफी मागायला काय लागतंय? माझ्या सुमलला अजून खुरपंच का देता?"

"कामाची यादी जुनीच चालत आलीय..."

"यादी तुमी करता. माझ्या लेकीचा हात माझ्यापरीस बरा हाय. पर आई तशी लेक, म्हनून कुनी तिला पिशवीला हात लावू देईना." ती उठते. तिच्यामागं ओसरीच्या जागी पुन्हा मका दाटलाय. "बायकांम्होरं सांगा. कागदाचं मागनं."

ती ओळीत शिरते. साहेब तिच्यामागं धावतात, पानं बाजूला सारत, हाका मारत.

"साहेब, सही झाली का?" दारात क्लार्क जंगम उभा आहे.

हुलवान घामानं थबथबलेत. उजव्या हाताला आग होतेय म्हणून ते बाही वर करतात. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक तांबडे ओरखडे आहेत, ताजे. उभ्या मक्यातून घाईनं गेलं की पानाच्या धारेनं असेच उमटतात. बाहेर मे महिना आहे, सगळी रानं नांगरून पडलीत, पाच कोसांत मक्याचं हिरवं पान नाही.

ते अर्जावरचे दोन शब्द खोडतात, सही न करताच उठतात आणि बियाणं निवडायच्या शेडकडं चालू लागतात. शेडमध्ये नऊ बायका बसल्यात. सुमल शेवटच्या सुपाशी आहे.

"सुमल, तुझ्या आईनं पिशवी नीट बांधली होती," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात. "ती मी उघडली होती."

सुपं थांबतात. सुमल मान वर करते. तिची नजर त्यांच्या ओरखडलेल्या हातावर जाते, मग तोंडावर.

"म्हाईत हाय, सायेब. आय बघत हुती तवा."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी कवा सांगताय, त्याचीच वाट बघत हुतो," ती म्हणते, आणि पुन्हा दाणे निवडायला लागते.