अडतीस टक्के

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४. नळाला पाणी उशिरा आले. धाकटी जाऊ दुपारीच घरी परतली, ओठ निळे, बोटे सुजलेली. कोल्ड स्टोरेजमध्ये कोंडली गेली होती.

एवढे लिहून पेन ठेवले. संतापाने अक्षर बिघडत होते. पण लिहायलाच हवे.

दीर गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. धाकटीच्या जिभेला हाड नाही. भर उन्हाळ्यात लोकरी टोपी घालून कामाला निघते. शेजारणी हसल्या की म्हणते, "मी चालले थंड हवेच्या ठिकाणी, तुम्ही बसा घाम पुसत."

गोठवलेल्या मासळीच्या पेट्या रचणे हे तिचे काम. दार अडकले तर वाजवायला आत घंटा होती. ती बिघडली. दुरुस्त करायची सोडून साहेबांनी फर्मान काढले: फोन कोटाच्या बाहेरच्या खिशात ठेवा, अडकलात तर फोन करा. बाहेरच्या खिशात, म्हणजे थेट त्या थंडीत.

आज दार अडकले. फोनवर अडतीस टक्के होते. तिने नंबर लावला आणि पडदा काळा झाला. मग दारावर पेटी आपटत राहिली, तेव्हा कुठे झाडणाऱ्या बाईने ऐकले.

साहेबांच्या उबदार खोलीत फोन पुन्हा सुरू झाला. छत्तीस टक्के! साहेबांना आयता पुरावा मिळाला. म्हणे, बॅटरी आहे की, तुम्हीच बंद केला असणार.

अहो, तो आकडा म्हणजे टाकीत काठी बुडवून मोजलेले पाणी नव्हे. बॅटरीतल्या विजेच्या दाबावरून फोन नुसता अंदाज बांधतो. थंडीत बॅटरी गारठते, दाब कोसळतो आणि शिल्लक असूनही फोन बंद पडतो. जुनी बॅटरी असेल तर विचारूच नका. फोनबरोबरच्या माहितीपत्रकातही कडक थंडीत वापरू नका असे छापलेले असते. थंडीवरच पोट भरणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसावे?

"चूक कबूल करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

"साहेब, तुमचा फोन घेऊन आत चला. दार मी बाहेरून लावते. मग बोलू," ती म्हणाली.

साहेब अर्थातच उठले नाहीत. घंटा दुरुस्त झाल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही असे सांगून ती निघून आली.

"ताई, नोकरी गेली," पायांवर रजई ओढत ती मला म्हणाली. मी म्हटले, बरे केलेस.

संध्याकाळची नोंद: धाकटीचा डबा घासून कपाटात ठेवला. उद्या भरायचा नाही.