केंडाची गाबोळी

केंड मासा पोट फुगवतो, एवढंच आम्हा पोरांना ठाऊक होतं. त्याच्या विषाने माणूस लुळा पडतो, जीभही हलत नाही, पण कान आणि डोकं शाबूत राहतं, हे मला वडिलांमुळे कळलं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. गिरण्या बंद, बाजार बंद. धक्क्यावर कोळ्यांनी फेकून दिलेला केंड वडिलांनी उचलून करी रोडच्या चाळीतल्या आमच्या खोलीत आणला. आई म्हणाली, "विषारी तो. मी शिजवूचंय नाय."

"गावाक पोट काढून खातत," म्हणत वडिलांनी स्वतःच साफ केला. आतडी, काळीज टाकलं आणि गाबोळी, म्हणजे अंडी, तेवढी ठेवली. मालवणी माणूस गाबोळी कशी टाकेल! ती तळून, कालवणाची वाटही न बघता, एकट्यानेच खाल्ली. त्या हावरटपणामुळे आम्ही वाचलो.

थोड्याच वेळात त्यांचे ओठ बधिर झाले, मग हातपाय, मग सगळंच थंड. रस्ते अडवलेले, डॉक्टर येईना. शेजाऱ्याने नाडी पाहिली, मान हलवली आणि माणसं जमवायला खाली गेला. आई छातीवर हात ठेवून ओरडत होती, "धुगधुगी आसा अजून!" पण वडिलांच्या थोरल्या बहिणीला, आमच्या आत्याला, रीत पाळायची घाई. तिने आईचे हात ओढून बांगड्या पाट्यावर फोडल्या, कुंकू पुसलं.

संध्याकाळी डॉक्टर आला. श्वास चालू होता. हातगाडीवरून परळच्या इस्पितळात नेलं आणि वडील वाचले. जीभ हलायला लागल्यावर आईला आणि मला म्हणाले, "माका सगळा ऐकाक येत होता."

इकडे आत्या गॅलरीत सांगत सुटली, "नवरो जितो आसताना हिनाच काकणां फोडल्यान." माझं, पोराचं, कोण ऐकतंय? हळदीकुंकवाला आईला कुणी बोलवेना.

शेवटी आई वडिलांसमोर बसली. "तुमी ऐकलात ना सगळा? मगे चाळीत एकदा सांगा."

"जावंदे," वडील म्हणाले. "माझी मोठी भैण ती."

त्यांची जीभ तेव्हा चांगली चालत होती. रोज सभेला जायचे, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचे, मुंबईसाठी न्याय मागायचे. आईसाठी एक वाक्य निघालं नाही. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.