पुष्पाताईंनी घातलेलं कुलूप

सव्वीस वर्षं स्टोअरमध्ये बेअरिंग आणि गास्केट मोजणाऱ्या बाईच्या हातात कंपनीचा क्लाउड द्यायचा, असं ललितशेठनी ठरवलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. मी म्हणजे शैलेश. तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात आयटीचा साहेब. साहेब म्हणजे काय, तर एकटाच. हाताखाली माणूस मागितलं की शेठ म्हणायचे, बघू दिवाळीनंतर. अशा पाच दिवाळ्या गेल्या. शेवटी मिळालं ते हे : पुष्पलता राऊत, वय चोपन्न, चष्मा दोरीला बांधलेला.

स्टोअरचं सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं होतं आणि ताईंना तिथे काम उरलं नव्हतं. शेठच्या वडिलांच्या काळापासूनची बाई, काढायची कशी? मग दिली माझ्या गळ्यात बांधून. त्या केळवे-माहीमकडच्या, घरची पानवेलींची वाडी. पहिल्या दिवशी येताना पिशवीतून घरची केळी घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून म्हणाल्या, ‘‘साहेब, मला यातलं काय नाय समजत. तुमी सांगा, मी विचारत जाईन. पण दोनदा विचारलं तर चिडायचं नाय.’’

मी चिडलो. पहिल्याच तासाला चिडलो. माझा स्वभावच तसा आहे, घरी बायकोही हेच सांगते.

आमच्याकडे डेटा लेक आहे, म्हणजे माहितीचं तळं. घाबरू नका, आधी मीही घाबरलो होतो. रिॲक्टरचं तापमान, लॅबचे रिपोर्ट, सांडपाण्याचा पीएच, गेटवरच्या नोंदी, कॅमेऱ्यांचं चित्रण, जे म्हणून साठवता येतं ते सगळं एकाच ठिकाणी ओतायचं. ती जागा आपली नसते, भाड्याची असते. ठेवायचं भाडं वेगळं, आत शोधाशोध करायचं वेगळं, आणि बाहेर काढून न्यायचं तर त्याहून वेगळं. बिल दर महिन्याला फुगत होतं आणि शेठ दर महिन्याला माझ्याकडे बघत होते.

ताईंनी पहिला आठवडा एकच प्रश्न विचारला. ‘‘हे कोण वापरतं?’’

‘‘लागतं हो.’’

‘‘कोणाला लागतं?’’

मला कुठे माहीत होतं! मग त्या वही घेऊन स्वतः प्लांटवर गेल्या. तीन नंबरच्या रिॲक्टरचा तापमापक दर सेकंदाला एक आकडा पाठवत होता, दिवसाचे शहाऐंशी हजार. तिथला ऑपरेटर अंकुश त्यांना म्हणाला, ‘‘ताई, मी तर पंधरा मिनिटांनी एकदा बघतो.’’ कँटीनच्या कॅमेऱ्याचं तीन वर्षांचं चित्रण आम्ही सगळ्यांत महागड्या जागेत ठेवलं होतं. ताईंनी ते पाच मिनिटं बघितलं आणि मला हाक मारली. ‘‘तीन वर्षांचे पोहे जपून ठेवलेत साहेब, कोण खाणार हाय आता?’’

त्यांना मी जागेचे प्रकार समजावले. रोज लागणारं हाताशी ठेवायचं, ते महाग. क्वचित लागणारं लांब, ते स्वस्त. कधीतरीच लागणारं अगदी आत, ते जवळजवळ फुकट, पण मागवलं की यायला बारा तास लागतात. ‘‘म्हणजे माळ्यावर,’’ ताई म्हणाल्या. ‘‘शिडी आणायला वेळ लागणारच ना!’’ तीन महिन्यांत त्यांनी पान निवडावं तशी एकेक फाईल निवडली आणि बिल निम्म्यावर आणलं. मी नाकाने कांदे सोलत होतो ते बंद केलं.

पण खरी गंमत किल्ल्यांची. आमच्या लेकमध्ये कोणीही काहीही उघडू शकत होतं. ताईंना हे कळलं तेव्हा त्या अक्षरशः घाबरल्या. ‘‘गेटवरच्या माणसाला रंगाची कृती दिसते? अगोबाई!’’ त्यांनी एकेकाचे हक्क काढायला सुरुवात केली. अकाउंट्सवाले भांडले, खरेदीवाले भांडले, शेठचा भाचा भाग्येश आठवडाभर बोलला नाही. आणि एके दिवशी त्यांनी माझेही हक्क काढले.

‘‘बॅचच्या कृती तुमाला कशाला लागतात साहेब?’’

‘‘अहो, मी आयटीचा हेड आहे!’’

‘‘ते हाय ना. पण कशाला लागतात?’’

लागल्या की मागा, मी देईन, असं म्हणून त्या जेवायला गेल्या. मला त्या दिवशी फार राग आला होता, हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या रागातून झालं.

मग आमचं नोंदींवरून वाजलं. कोणी, कधी, कोणत्या मशीनवरून काय उघडलं आणि काय नेलं, याची नोंद आपोआप होत असते. ती प्रचंड असते. मी म्हटलं, पुसून टाका, पैसे वाचतील. ताई हटून बसल्या. ‘‘स्टोअरमध्ये कितीपण अडचण झाली तरी कोणी काय नेलं त्याच्या स्लिपा मी कधी जाळल्या नाय.’’ शेवटी त्यांनीच वाट काढली. कोणी, केव्हा, काय आणि किती नेलं, एवढाच सारांश हाताशी. बाकी सगळी नोंद माळ्यावर. वर एक कुलूप, की वर्षभर ती कोणालाच पुसता येणार नाही, मलासुद्धा नाही. फॉर्मवर माझी सही लागत होती. मी न वाचता ठोकली.

हे सगळं गेल्या वर्षीचं. यंदा एप्रिलच्या बिलात ‘बाहेर नेलेला डेटा’ या ओळीवर शेठचं बोट थांबलं. बिल कमी झाल्यापासून शेठला ते वाचायचा छंद लागला होता. त्यांनी मागची बिलं काढली. दिवाळीपासून दर महिन्याला तीच ओळ होती. सारांश उघडला तर दर रविवारी सकाळी बॅचच्या सगळ्या कृती, तीन वर्षांच्या, बाहेर गेलेल्या. नाव : दीपाली.

दीपाली आमच्या लॅबमध्ये. मासवणच्या आतल्या पाड्यावरची. आईबाप पावसावरची शेती करतात आणि पावसाळा सरला की कामाला बाहेर जातात. घरात बीएस्सी झालेली ती पहिली. धाकट्या दोन भावंडांचं शिक्षण तिच्याच पगारावर.

शेठ थेट लॅबमध्ये गेले. सहा जणांसमोर विचारलं, ‘‘कोणत्या कंपनीला विकलंस?’’

‘‘मी नाय काय केलं सर. रविवारी मी घरीच असते.’’

‘‘मग घरून केलंस.’’

‘‘घरी कॉम्प्युटर नाय सर.’’

शेठनी सांगितलं, उद्या बारा वाजेपर्यंत कबूल कर आणि राजीनामा दे, नाहीतर पोलिसात देतो. पोरगी रडली नाही. हातातली काचेची नळी तिने स्टँडला नीट लावली आणि मगच बाकावर बसली. मी दारात उभा होतो. आणि खरं सांगतो, मीही मनात म्हटलं, घ्या, गरज माणसाला काय काय करायला लावते. असा मी शहाणा.

ताई मात्र शेठच्या केबिनमध्ये शिरल्या. मी मागोमाग.

‘‘शेठ, सारांशात नुसतं नाव हाय. मशीन कुठलं ते नाय. चोर सोडून संन्याशाला सुळी नको. माळ्यावरची पूर्ण नोंद काढू.’’

‘‘काढायला पैसे पडतील,’’ मी म्हटलं. ‘‘वेळही लागेल.’’

‘‘बारा तास ना? आज मागवली तर उद्या सकाळी हातात. पैसे माझ्या पगारातून घ्या.’’

शेठ म्हणाले, ‘‘पगाराचं सोडा पुष्पाबेन. उद्या बारा.’’

ताईंनी माझ्यासमोर बसून मागणी टाकली आणि साडेपाचच्या कंपनी बसने घरी गेल्या. दीपालीला त्यांनी गेटपर्यंत हाताला धरून नेलं.

दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला पोचलो तर ताई माझ्या खुर्चीशेजारी बसलेल्या. चहा तसाच, साय धरलेला. यादी काढून समोर ठेवली होती.

‘‘तुमीच वाचा साहेब.’’

मी वाचलं. दर रविवार, सकाळी सहा. नाव दीपालीचं. मशीन : शैलेश-२.

ते मशीन माझ्याच टेबलाखाली आहे. स्क्रीन काढून ठेवलेलं, पण चालू. आणि मग सगळं डोक्यात उजाडलं. दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं होतं की जुन्या कृती ऑफिसातल्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या, म्हणजे क्लाउडमधून उडवता येतील आणि बिल अजून खाली येईल. ताईंपेक्षा जास्त वाचवून दाखवायचं होतं मला, दुसरं काय! पण माझे हक्क काढलेले. मागायचे तर ताईंकडे मागावे लागणार. आपोआप चालणाऱ्या कामाला वेगळं नाव, म्हणजे वेगळं खातं, घ्यावं तर महिन्याला अठराशे रुपये. दीपालीला कृती उघडायचा हक्क होता आणि तिने पूर्वी लॅबचा कॉम्प्युटर दुरुस्तीला देताना पासवर्ड कागदावर लिहून दिला होता. तो वापरला. आमच्याकडे सगळे असंच करतात, एकाच्या नावावर चौघं काम उरकतात. काम एकदाच चालेल अशा समजुतीत मी सुट्टीला घरी गेलो आणि विसरलो. ते दर रविवारी चालत राहिलं. तेच तेच, पुन्हा पुन्हा, पैसे मोजून.

मी विचारलं, ‘‘हे अजून कोणी बघितलंय?’’

हा प्रश्न मी विचारला. त्याची लाज मला आजही वाटते.

ताई रागावल्या नाहीत. चष्मा काढून पदराने पुसत म्हणाल्या, ‘‘नाय. मी कोणाला सांगितलं नाय. पण साहेब, ते पुसता नाय येणार. कुलूप हाय त्यावर, तुमच्या सहीचं. हे मी धमकी म्हणून नाय सांगत. तुमाला मोह होऊ नये म्हणून सांगते. मोह सगळ्यांनाच होतो, मला पण झाला असता.’’

मग चष्मा चढवून म्हणाल्या, ‘‘तुमी वाईट नाय. तापट हाय. चला, शेठ अकराला येतात.’’

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, सगळं वर आलंच आहे. केबिनमध्ये शेठ होते, ताई होत्या, आणि दीपाली भिंतीला टेकून उभी. तिच्या हातात घडी केलेला कागद होता. राजीनामा असणार. मी सांगून संपवलं तेव्हा शेठ म्हणाले, ‘‘तू? तू, शैलेश?’’ एवढंच, आणि बिलं पुढ्यात ओढली. सहा महिन्यांचं ते भाडं माझ्या पगारातून कापायचं ठरलं. कापा म्हटलं.

मी दीपालीकडे वळलो. ‘‘चूक झाली. माफ कर.’’

ती म्हणाली, ‘‘सर, नवीन नावाला महिन्याला किती पडतात?’’

‘‘अठराशे.’’

‘‘आणि माझं फुकट.’’

आवाज चढलेला नव्हता. ती फक्त समजून घेत होती. तिने कागद फाडला, तुकडे मुठीत घेतले आणि लॅबकडे गेली, कारण साडेअकराचं सॅम्पल तिचं होतं.

मला वाटलं, संपलं. मी खुर्चीत बसणार तेवढ्यात ताईंनी कोपर धरलं. एवढ्या घट्ट हाताची बाई आहे ही, हे मला तेव्हा कळलं.

‘‘बसताय काय? तिच्यावर आळ घेतला तो लॅबमध्ये, सहा जणांसमोर. माफी केबिनमध्ये? हे असं कसं चालेल? आत्ता जा. उद्यावर टाकलंत तर पाय नाय उचलणार.’’

‘‘आळ शेठनी घेतला होता, ताई.’’

‘‘शेठना मी आणते. तुमी पुढं व्हा.’’

आणि आणलंही. सव्वीस वर्षांत शेठना असं कोणी उठवलं नसेल. मी लॅबच्या दारात पोचलो तेव्हा ते माझ्या मागे होते आणि त्यांच्या मागे पुष्पाताई, शेठना परत फिरायला जागाच न ठेवता. आत सहाच्या सहा जण माना वर करून बघत होते. दीपाली मात्र पाठमोरी होती. काचेच्या नळीतून थेंब थेंब खाली पडत होता आणि तिचं लक्ष त्यावर होतं.

‘‘दीपाली,’’ मी म्हटलं, ‘‘सगळ्यांसमोर सांगायला आलोय...’’

‘‘थांबा सर,’’ ती मागे न बघता म्हणाली. ‘‘रीडिंग घेते.’’

मागून शेठचा घसा खाकरल्याचा आवाज आला. ताईंनी त्यांना ‘‘श्श्’’ केलं. द्रावणाचा रंग पालटेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली असतील. आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाच्या कामापुढे न चिडता उभा राहिलो. तिने आकडा लिहिला, खाली सही केली, पेनाला टोपण लावलं आणि मग ती वळली.

‘‘हं,’’ म्हणाली, ‘‘बोला आता.’’