शेंदूर लागलेला नमुना

आमगावजवळच्या टेकडीवर मी एका भूशास्त्रज्ञ साहेबाकडे दगडांचे नमुने बांधायच्या कामाला होतो. त्याची रीत सोपी होती. खडकातल्या काही खनिजांत युरेनियम असतं, त्याचं फार सावकाश शिसं होत जातं. शिसं किती झालं ते मोजलं की खडकाचं वय कळतं.

आमचे दगडफोडे पहिला घण घालण्याआधी खडकाला शेंदूर लावत. त्या दिवशीही लावला. तेलात कालवलेला शेंदूर भेगांतून आत उतरला आणि साहेबानं नेमका तोच तुकडा उचलला. मी म्हटलं, "साहेब, शेंदूर म्हणजे शिसंच. हा नको, आतला घ्या." तो खेकसला, "तू मला शिकवणार? बांध मुकाट्यानं!" मी बांधला. त्याचा मला आजही संताप येतो, साहेबाचा आणि माझा स्वतःचाही.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेचं पत्र आलं. खडक पृथ्वीपेक्षाही म्हातारा निघाला होता! साहेबानं पत्र टेबलावर आपटलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ही पद्धतच भरवशाची नाही." माझं डोकंच फिरलं. पद्धतीचं काय चुकलं होतं? दिलेलं शिसं तिनं चोख मोजलं होतं.

मी तसं साहेबाला सुनवायला पुढे झालो, तर दारात उभा असलेला म्हातारा दगडफोड्या मला म्हणाला, "कायले तोंड लावून राहिले बाबू? डोळ्यासमोर लावलेला शेंदूर ज्याले दिसला नाई, त्याले लाखो वर्सांमांगचं काय दिसन?"