डाव्या तळहातावर

“काका, गळ्यातलं काढून ठेवा. सोनोग्राफीचं जेल लागंल त्याला,” पडद्याआड सिस्टर म्हणाली.

“ते उतरत नसतंय, बाई. मी उतरलो की उतरंल,” अप्पा, माझे वडील, म्हणाले. आत कुणीतरी हसलं.

गळ्यातलं म्हणजे चांदीच्या डबीतलं इष्टलिंग; आम्ही लिंगायत ते मरेपर्यंत उतरवत नाही. शेवटी अप्पांनी डबी छातीवर खाली ओढून मुठीत धरली आणि मला आत बोलावलं. “पोरगी इंग्लिशात शिकलेली हाय. रिपोर्ट वाचंल,” त्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

पालमला आमचं कापडाचं दुकान आहे. बीपी बघताना तिथल्या डॉक्टरांनी मानेला स्टेथोस्कोप लावला, रक्त वाहण्याचा आवाज बरा वाटत नाही म्हणाले आणि मानेच्या सोनोग्राफीसाठी परभणीला पाठवलं. एसटीत अप्पा कंडक्टरला सांगत होते, “मानेचा फोटू काढायला चाललोय. सोयरिकीला पाठवायचाय.”

मला हसू आलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी पूजेला बसलेले असताना अप्पांच्या डाव्या तळहातावरून लिंग खाली पडलं होतं. आमच्यात लिंग डाव्या हातावर घेऊनच पूजा करतात, आणि ते पडलं की माणसाचं आयुष्य सरलं, असं जुनी माणसं मानतात. उचलायला अप्पांचा हात उठेना. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, शब्द फुटत नव्हता. मी दारात उभी होते. दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. “आईला सांगू नको, माय,” ते म्हणाले, “लिंग पडलेलं कुणाला सांगायचं नसतंय.”

मी मान हलवली. घरात मी बोलतेच किती, त्यामुळे माझ्यावर भरवसा ठेवणं सोपं होतं. फोनवर शोधून हे काय असू शकतं ते मी वाचलं, तरीही गप्प राहिले. तेव्हापासून अप्पा दार लावून पूजा करायचे.

डॉक्टर मानेवरून यंत्र फिरवत होते. मशिनमधून रक्ताचा आवाज येत होता, उजव्या बाजूला जास्तच खरखरीत. “ही शीर बरीच अरुंद झालीय,” ते म्हणाले. “आत थर साचलाय. त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर झटका येतो. काका, कधी हात लुळा पडला? बोलताना अडखळलात? थोडा वेळ का होईना?”

“न्हाई ओ. अजून तागेच्या तागे उचलतो की.”

“तसं असेल तर सध्या गोळ्या घेऊ, सहा महिन्यांनी परत बघू. पण एकदा जरी झालं असेल, तर आजच नांदेडला मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल. पुढचा झटका मोठा असू शकतो.”

मग ते माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत विचारलं, तू काही पाहिलंस का?

अप्पा रुमालानं मान पुसत माझ्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. त्यांना असं बघायची मला सवय नव्हती.

इंग्रजीत दोन वाक्यं पुरली असती. अप्पांना कळलंही नसतं, आणि मी शब्द मोडला हे मला त्यांच्या तोंडावर बघावं लागलं नसतं. पण त्यांच्याच हाताबद्दल, त्यांच्यासमोर, त्यांना कळणार नाही असं बोलायला माझी जीभ वळेना.

“पूजेत यांच्या हातातून लिंग पडलं होतं,” मी मराठीत म्हणाले. “हात उठत नव्हता, बोलता येत नव्हतं. मी बघितलंय. मी कुणाला सांगितलं नाही.”