पाचवा फाउल

"मी खेळत नाही, मी फक्त लिहितो," असं हरिदास रणपिसे एकदा म्हणाला होता. लंडनच्या एका पॉलिटेक्निकच्या बास्केटबॉल टीमचा तो स्कोअरर. उंची पाच फूट तीन. कोणाचे किती पॉइंट, कोणाचे किती फाउल, हे टेबलामागे बसून तो मोत्यासारख्या अक्षरात भरायचा. त्याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पुढे तो ब्रॅकनेलला एका कंपनीत लागला, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या कामावर. रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, त्याचा आवाज बसायचा. "घसा दाखवून घ्या एकदा," आशा, त्याची बायको, म्हणायची.

घशात काही नव्हतं. बेसिंगस्टोकची पंच्याऐंशी सालची फायनल होती.

शहाण्णवच्या मार्चमध्ये एका दुपारी टीमची जुनी मंडळी एजवेअरच्या हॉलमध्ये जमली. टेबलावर जुन्या जर्सींचा ढीग.

"हा मरून रंग बघा!" सीमा ओरडली. तेव्हा एकही मॅच तिने चुकवली नव्हती. "आणि शॉर्ट्स केवढ्याशा! आईने बघितल्या असत्या तर माझं कॉलेजच बंद केलं असतं."

"फायनलला कुठे मरून होता?" राजीव म्हणाला. "समोरच्या टीमचाही सेम कलर निघाला. मग आपण जर्सी उलट्या घातल्या, आतली बाजू बाहेर, पाठीवर काळ्या टेपचे नंबर. आणि लास्ट सेकंदाला मी जो बास्केट टाकला..."

"झालं याचं सुरू! अकरा वर्षं ऐकतोय," कोणी तरी म्हणालं.

सगळे हसले. हरिदास हसला नाही.

त्या फायनलची शेवटची तीन मिनिटं उरली होती. राजीवचे चार फाउल झालेले, कॅप्टन जयंतचेही चार. बास्केटखालच्या झोंबाझोंबीत कोणी तरी कोणाला ढकललं. रेफरीने पाठीवरचा नंबर पाहून चार बोटं दाखवली. चार नंबर जयंतचा. हरिदासने त्याच्या नावापुढे पाचवी खूण केली. पाच झाले की माणूस बाहेर. जयंत ओरडत बाहेर गेला. मग टेबलाच्या पायाशी हरिदासला काळ्या टेपची एक पट्टी दिसली, घामाने सुटलेली. राजीवच्या पाठीवरच्या चौदातला एकाचा आकडा गळून पडला होता. तेव्हाच हात वर केला असता तर राजीव बाहेर, जयंत आत. पण टीमने चार वर्षांत एकही फायनल जिंकली नव्हती, आणि कधीच न खेळलेल्या हरिदासला त्या दिवशी जिंकायचं होतं. त्याने पट्टीवर बूट ठेवला.

सीमाने स्मरणिकेची प्रुफं काढली. सोमवारी ती छापायला जायची होती. "फायनलचं पान ऐका. 'ऐन वेळी कॅप्टन जयंतचं डोकं फिरलं, पाचवा फाउल करून तो बाहेर बसला. राजीवने लाज राखली.'"

"ते छापू नका," जयंत म्हणाला.

"अरे पाचफाउल, किती सीरियस होशील?" राजीवने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"तुला गंमत आहे. माझी कॅप्टन्सी गेली. माझ्या लग्नात स्पीचमध्ये हाच जोक. आता माझी मुलगी वाचणार. मी त्या पोराला हातसुद्धा लावला नव्हता."

"मग रेफरी आंधळा होता?"

"भांडता कशाला?" सीमा म्हणाली. "हरी आहे ना इथे. हरी, लाइन ठेवू की काढू?"

"त्याला काय विचारतेस?" राजीव म्हणाला. "हरी चुकला तर सूर्य बेसिंगस्टोकला उगवेल!"

जयंत हरिदाससमोर येऊन उभा राहिला. "तू सांग. तू म्हणशील ते छापू दे. मी परत तोंड उघडणार नाही."

तो रागाने बोलला असता तर सोपं गेलं असतं. पण त्याचा हरिदासवर अजून विश्वास होता.

टेबलाकडे जाऊन हरिदासने ढिगातली चौदा नंबरची जर्सी ओढली, जयंतपुढे पसरली आणि चौदातल्या एकाच्या आकड्यावर तळहात ठेवला. नुसता चार उरला.

"हे काय?" सीमाने विचारलं. राजीवचं हसू ओठांवरच वाळलं. जयंतने त्या चाराकडे पाहिलं, मग हरिदासकडे.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

हरिदासने हात उचलला, खुर्चीवरचा कोट घेतला आणि तो दाराबाहेर पडला.